नाव घेऊन केलेली प्रार्थना

“नाव घ्या,” मी वायसनला म्हणाले. इंग्रजीत, हळू आवाजात, डोळे मिटलेले ठेवूनच.

वायसन तिथल्या शाळेत शिक्षक होता आणि आमचा दुभाषा. प्रार्थना चालू होती, ती मी करत होते, आणि त्याने एक नाव गाळलं होतं.

“सिस्टर?”

“नाव घ्या. ——. तिच्यासाठी नाव घेऊन मागायचंय.”

तिचं नाव इथे लिहीत नाही. जिथे ते उच्चारलं गेलं तिथे रेघ आहे. बाकी सगळं घडलं तसं आहे.

आधी

देश मलावी. आफ्रिकेच्या नकाशावर एक लांबट निळं तळं दिसतं, त्याच्या काठाला. आम्ही नगरच्या मंडळीतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, गेलो होतो. गटाचे प्रमुख रेव्हरंड शांतवन ओहोळ, निवृत्त पाळक. महिला मंडळाच्या शीलामावशी. आणि मी, सुनीती उमाप, नर्स, तेव्हा सव्वीस वर्षांची. तरुण संघातली काही पोरं शाळेला रंग द्यायला आली होती, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी ओहोळसाहेब वेदीवरून म्हणाले होते, “इतकी वर्षं साहेब लोक बोटीतून आपल्याकडे आले. त्यांनी आपल्याला शाळा दिली, दवाखाना दिला, चहाबरोबर केक खायला शिकवलं. आता आपली पाळी.”

सगळे हसले. मलाही फार बरं वाटलं होतं. आपली पाळी.

त्याच्याही आधी, नगर

आमच्या घरी बुधवारी कुटुंब प्रार्थना असायची. चाळीतली आठ-दहा घरं यायची. माझे दादा, म्हणजे वडील, सतरंजीवर मांडी घालून म्हणायचे, “विषय सांगा.” प्रार्थनेचे विषय. ज्याला जे मागायचं ते त्याने सगळ्यांसमोर बोलायचं, मग दादा एकेकाचं नाव घेऊन ते देवापुढे ठेवायचे.

“धाकट्याचं गणित.”

“माझे गुडघे.”

“आमचे हे.”

“आमचे हे काय, विमलबाई?”

“तुम्हाला ठाऊक आहे की.”

“मला आहे हो. प्रार्थनेत काय म्हणू?”

“म्हणा मग. परत प्यायला लागलेत.”

आणि दादा डोळे मिटून खड्या आवाजात म्हणायचे, “हे प्रभू, तुझा लेक भास्कर कसबे पुन्हा प्यायला लागला आहे.” भास्कर कसबे बाहेर ओट्यावर कॅरम खेळत असायचे. सोंगटी हातात धरून तेही म्हणायचे, “आमेन.”

आमच्या आळीत कुणाच्या घरात काय चाललंय ते बुधवारी कळायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. लपवायचं असलं तर विषय द्यायचा नाही, एवढंच. दिला की तो सगळ्यांचा झाला. जी प्रार्थना नुसतीच “सर्व आजाऱ्यांना बरं कर” अशी व्हायची तिला आम्ही मोघम म्हणायचो, आणि मोघम प्रार्थना करणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी सांगत नसे.

मी शाळेत असतानाच चांगली प्रार्थना करू लागले. बायका म्हणायच्या, “उमापांच्या पोरीने मागितलं की अंगावर काटा येतो.”

पडद्यामागे

शिबिर तिथल्या चर्चच्या पडवीत होतं. बायका कमरेला जे छापील कापड गुंडाळतात त्यातली दोन कापडं दोरीवर टाकून माझ्यासाठी पडदा केला होता. पडद्यामागे एक टेबल, एक स्टूल आणि तिथल्या दवाखान्याने दिलेली इंजेक्शनांची पेटी.

ती दुपारी आली. पाठीवर बांधलेली लहान मुलगी झोपली होती. माझ्याच वयाची असेल. शाळेत शिकलेलं इंग्रजी तिला थांबत थांबत येत होतं, त्यामुळे आम्हाला वायसन लागला नाही.

“तीन महिन्यांची आहे?” तिने विचारलं.

पाळणा थांबवायच्या इंजेक्शनाबद्दल विचारत होती.

“आहे.”

“ती द्या.”

मी रक्तदाब घेतला. पाळीचं विचारलं. मग म्हटलं, “नवऱ्याला माहीत आहे?”

“त्याला मुलं आवडतात.”

“ते नाही विचारलं मी.”

“उत्तर तेच आहे,” ती म्हणाली आणि हसली.

मग तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं; माझा हात तिच्या दंडावर होता, तेवढं पुरलं असावं. तिसऱ्या बाळंतपणात रक्त थांबेना. सायकलच्या कॅरियरवर बसवून तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. नंतर सायकल धुवावी लागली. तिथला डॉक्टर म्हणाला, चौथ्या वेळी सायकल काढण्याचे कष्ट घेऊ नका.

“हे नवऱ्याला सांगितलं नाहीस?”

“तो तेव्हा तंबाखूच्या मळ्यावर होता. लांब. परत आला तेव्हा मी उभी होते. उभ्या बाईचं कोण खरं मानतं? त्याची बहीण म्हणाली, सगळ्यांनाच रक्त जातं.”

“आणि आता?”

“त्याचे दोन भाऊ एका पावसाळ्यात गेले. त्यांची नावं ठेवायची आहेत त्याला. दोन मुलगे हवेत. आमच्या तिन्ही मुली.” ती थांबली. “वाईट माणूस नाही, सिस्टर. रात्री मुलींना गोष्टी सांगतो.”

मी इंजेक्शन दिलं. कापसाने दाबून धरलं. उठताना ती म्हणाली, “सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा.”

तिथेच केली असती. तिचा हात हातात होता, आणि मराठीत केली असती तर पाठीवरच्या मुलीलाही कळली नसती. पण बाहेरून शीलामावशींचा आवाज आला.

“सुनीती! आत काय संसार थाटलास का? रांग बघ ही, वेशीपर्यंत गेलीय!”

“आले, मावशी!” मी म्हटलं, आणि तिला म्हटलं, “संध्याकाळी करते. नक्की.”

ती खूश होऊन गेली.

प्रार्थना

समारोपाची सभा उन्हं उतरल्यावर झाली. पत्र्याचं छप्पर, विटांच्या भिंती, एका बाजूला बाकांवर पुरुष, दुसऱ्या बाजूला चटयांवर बायका. त्यांचं गाणं ऐकून शीलामावशी माझ्या कानात म्हणाल्या, “आपली मंडळी यांच्यापुढे म्हणजे शोकसभा गं.”

ओहोळसाहेब म्हणाले, “सुनीती, शेवटची प्रार्थना तू कर. मराठीतच कर, तुझी मराठीत रंगते. मी इंग्रजी करतो, वायसन त्यांच्या भाषेत करील.”

“आणि मोघम नको हं,” शीलामावशी म्हणाल्या.

मी उभी राहिले. असं चाललं:

मी म्हणायची, हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, या गावाबद्दल तुझे उपकार मानतो. साहेब ते इंग्रजीत म्हणायचे. वायसन ते चिचेवा भाषेत म्हणायचा. बायका म्हणायच्या, आमेनी.

या आंधळ्या आजोबांना, पित्या. साहेब. वायसन. नाव. आमेनी.

त्या मुलाच्या कानाला, पित्या. साहेब. वायसन. नाव. आमेनी, जरा मोठ्याने.

प्रत्येक वाक्य माझ्याकडून निघून तीन घरं फिरून आमेनी होऊन परत यायचं. असं मी कधी अनुभवलं नव्हतं. नगरमध्ये आमेन लगेच येतं. इथे ते येईपर्यंत थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात पुढचं वाक्य आणखी चांगलं सुचायचं.

मग मी म्हणाले, “पित्या, तुझी लेक ——. तिसऱ्या बाळंतपणात तू तिला मरणाच्या दारातून परत आणलंस. आज जी सुई तिला दिली त्या सुईला गुण येऊ दे. तिची कूस आता मिटलेली राहू दे, म्हणजे आहेत ती लेकरं आईवाचून राहणार नाहीत.”

ओहोळसाहेबांनी ते इंग्रजीत केलं. चांगलं केलं, एक शब्द न गाळता. त्यांचंही लक्ष भाषेवर होतं.

वायसन काहीतरी बोलला. आखूड. चिचेवा मला येत नव्हती. पण नाव कुठल्याही भाषेत ऐकू येतं. त्याच्या वाक्यात —— नव्हतं. बायका म्हणाल्या, आमेनी. मोघम आमेनी.

“नाव घ्या,” मी म्हणाले.

तो पुन्हा बोलला. पुन्हा नाव नाही.

“नाव घ्या. ——. ती सुई, तिची कूस.” आणि तो घेत नाही म्हटल्यावर मीच नाव घेतलं, स्वच्छ, मोठ्याने, आणि पोटावर हात ठेवून, मूठ मिटून दाखवली.

आता वायसनला बोलावंच लागलं. तो बोलला. सगळं बोलला.

आमेनी आलं नाही.

सकाळ

सकाळी वायसन आम्ही उतरलो होतो त्या पाळकाच्या घरी आला. आम्ही अंगणात चहा पीत होतो. तो बसला नाही.

“रात्री तिची नणंद पुढच्या चटईवर होती,” तो म्हणाला. “घरी सांगितलं तिने. त्या बाईचा नवरा येतोय. मी त्याला सांगून आलो की चूक माझी. मला इंग्रजी नीट कळलं नाही. सुई रक्त वाढायची होती आणि मी भलतंच बोललो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“म्हणजे खोटं,” ओहोळसाहेब म्हणाले.

“हो, पास्टर.”

साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. “आपण इथे सत्याची साक्ष द्यायला आलोय. पहिल्याच अडचणीत पाळकाच्या अंगणात बसून खोटं?”

“अहो साहेब,” शीलामावशी म्हणाल्या, “मग सत्य सांगा आणि त्या बाईच्या अंत्यविधीलाही तुम्हीच या. विमानाचं भाडं कोण देतंय ते बघू.”

“शीला, तुझं तोंड.”

“माझं तोंड राहू दे. पोरगी पांढरी पडलीय तिकडे बघा.”

वायसनला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तो मला म्हणाला, “गावात शिक्षकाला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर काय होईल ते माझं मी बघतो. तुम्ही फक्त हो म्हणा, सिस्टर.”

तिचा नवरा आला तो धुतलेला शर्ट घालून. मला वाटलं होतं ओरडेल. त्याने आधी वाकून, टाळ्या वाजवून नमस्कार केला. तिथे मान देताना असं करतात. त्याची बहीण बरोबर होती. आणि दोघांच्या मागे, लहान मुलीला पाठीवर बांधून, ती.

तो बोलला, वायसनने सांगितलं, “तो विचारतोय, सुई कशाची होती?”

“रक्ताची,” मी म्हणाले. “रक्त वाढायची. ती अशक्त आहे.”

वायसनने सांगितलं. त्या माणसाचे खांदे इतके सैल झाले की शर्ट मोठा वाटू लागला. तो बहिणीकडे बघून काहीतरी बोलला. बहिणीने मान फिरवली. मग तो पुन्हा माझ्याकडे वळला आणि बराच वेळ बोलला. वायसनने लगेच भाषांतर केलं नाही.

“काय म्हणतोय?” ओहोळसाहेब म्हणाले.

“तो म्हणतोय,” वायसन म्हणाला, “सिस्टरची चूक नाही, दुभाषाची, म्हणजे माझी, चूक आहे. पण चुकीची असली तरी प्रार्थना झाली. सगळ्यांसमोर झाली. देवापर्यंत ती तशीच पोचली असेल तर? म्हणून सिस्टरने आता बरोबर प्रार्थना करावी. इथे, त्याच्या बहिणीसमोर. कूस उघडी राहावी म्हणून. दोन मुलगे व्हावेत म्हणून. आणि नावं घेऊन करावी.”

त्याने त्याच्या भावांची नावं सांगितली. एकेक करून, मला म्हणता येईपर्यंत.

उलटी प्रार्थना

“मी याचं भाषांतर करणार नाही,” ओहोळसाहेब म्हणाले. उठले आणि कुंपणापलीकडच्या आंब्याखाली जाऊन पाठ करून बसले.

शीलामावशी म्हणाल्या, “कर बाई. मोघम कर. चार शब्द बोल आणि आमेन म्हण.”

मोघम चालणार नव्हती. ती नणंद माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मनातला संशय अजून गेला नव्हता, आणि त्या दोघी परत त्याच घरात जाणार होत्या.

मी इंग्रजीत सुरुवात केली. माझी इंग्रजी प्रार्थना नेहमी अडखळते. त्या दिवशी अडखळली नाही.

पित्या, हा तुझा लेक. याचे दोन भाऊ तू बोलावून घेतलेस. याच्या अंगणात त्यांची नावं पुन्हा हाक मारून बोलावली जावीत. मी त्यांची नावं घेतली. —— ची कूस आशीर्वादित कर. मी तिचंही नाव घेतलं. तिला फळ दे. तिची मांडी रिकामी राहू नये.

वायसन वाक्यामागून वाक्य बोलत गेला. पहिल्यांदा नवऱ्याचं आमेनी आलं. मग शीलामावशींचं आमेन, सवयीने. मग नणंद रडायला लागली, आणि रडता रडता तिनेही आमेनी म्हटलं, आणि मला कळलं की आता ठीक आहे, मी जिंकले.

शेवटचं आमेनी तिचं. पाठीवरच्या मुलीला सावरत, खाली बघत ती आमेनी म्हणाली.

प्रार्थना, पुन्हा

आदल्या संध्याकाळी माझे डोळे मिटलेले नव्हते.

पहिल्यांदा नाव आलं नाही तेव्हाच मी ते उघडले. वायसन माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, डावीकडून उजवीकडे, फार थोडी. मलावीत काय आणि नगरमध्ये काय, त्याचा अर्थ एकच. त्याच्या पलीकडे पुढच्या चटईवर, नणंदेशेजारी, ती बसली होती. तिचेही डोळे उघडे होते. ती मान हलवत नव्हती. ती नुसती बघत होती.

मी दोघांनाही पाहिलं. मला कळलं. सगळं नाही, पण थांबायला पुरेल एवढं कळलं.

पण मागचं आमेनी फिकं आलं होतं. इतका वेळ चढत गेलेली प्रार्थना शेवटच्या पायरीवर घसरत होती आणि सगळं गाव ऐकत होतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, “नाव घ्या.”

दुपार

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा ती विहिरीवर आली. मी तिथे बादली भरत होते. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती. तिने ती खाली ठेवली नाही.

“मला माफ कर,” मी म्हणाले.

“उद्या तुमची गाडी जिल्ह्याच्या गावावरून जाते,” ती म्हणाली. “तिथल्या इस्पितळात ऑपरेशन करतात. कायमचं. मला घेऊन चला.”

“उद्या?”

“परवा तुम्ही नसाल. आता मला एकटीला कुठे जाऊ देणार नाहीत. नणंद दवाखान्यात बरोबर येणार म्हणते, रक्त वाढलं का बघायला. ही सुई कापणीपर्यंत पुरेल. मग नाही.”

“घरी काय सांगशील?”

“तुमच्याबरोबर गेले म्हटल्यावर कुणी काही म्हणणार नाही. आज सकाळपासून तुम्ही आमच्या घरात देवदूत आहात.” हे तिने टोचून म्हटलं नाही. खरंच तसं होतं, ते तिने सांगितलं.

गाडीत जागा होती. ओहोळसाहेब नाही म्हणाले असते. दुसऱ्याच्या बायकोला नवऱ्याच्या परवानगीशिवाय मिशनच्या गाडीतून ऑपरेशनला नेलं, हे पुढे कुठे कुठे गेलं असतं ते मला दिसत होतं. तिथल्या पाळकाचं काय, शाळेचं काय, पुढच्या वर्षीच्या गटाचं काय. पण साहेबांना विचारायच्या आधी मला तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून ते निघालं, जे आम्ही कुठल्याही अवघड प्रश्नाला म्हणतो: मुलीला स्थळ आलं तर, घर विकायचं का, नोकरी सोडायची का.

“मी प्रार्थना करून सांगते,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग ती हसली, पडद्यामागे हसली होती तशीच, आणि पहिल्यांदाच घागर खाली ठेवली.

“नको सिस्टर,” ती म्हणाली. “काल तुम्ही मिटव म्हणालात. आज उघड म्हणालात. आधी त्यातलं कुठलं ऐकायचं ते त्याला ठरवू दे. तिसरं नको.”

मी बादली बाजूला ओढली.

“आणि माझं नाव घेऊ नका. तिकडे तुमच्या देशातसुद्धा नको.”

तिने घागर विहिरीत सोडली, ओढली, डोक्यावर चढवली. मी हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “राहू दे, येतं मला.”

मी साहेबांना विचारलं नाही.

मंडळीत सांगितलेलं

नगरला परतल्यावर रविवारी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी सांगितलं की भाषेच्या अडचणीमुळे एका कुटुंबात गैरसमज झाला, पण देवाने त्यातूनही मार्ग काढला, आणि एक तरुण बाप आपल्या बायकोला, बहिणीला घेऊन स्वतः प्रार्थना मागायला आला. पहिल्या बाकावर ओहोळसाहेब होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते. शीलामावशी बाहेर निघून गेल्या. बाकीच्यांनी आमेन म्हटलं, दणकून. दादांनी त्या बुधवारी मला विचारलं, “त्या बाईचं नाव काय गं? आपण इथे तिला प्रार्थनेत धरू.”

मी म्हटलं, विसरले.

वायसनचा नाताळला निरोप यायचा, बरीच वर्षं. शाळेचं सांगायचा, पावसाचं सांगायचा. सभांना आता दुसरा दुभाषा असतो असं एकदा म्हणाला. तिच्याबद्दल त्याने कधी लिहिलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर नाव घ्यावं लागलं असतं, हे कारण मी बरेच दिवस स्वतःला देत होते. पुढे निरोपही थांबले.

मी अजून नर्स आहे. इंजेक्शन देताना बायका पुष्कळ काही बोलतात. मी ऐकते. प्रार्थना करशील का असं कुणी विचारलं तर दुसरी सिस्टर बोलावते.

निघताना

गाव निरोप द्यायला जमलं होतं. बायका गात होत्या. तिचा नवरा सकाळपासून आमची खोकी गाडीत चढवत होता; दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. शेवटी तो खिडकीशी आला. त्याच्या हातात पाय बांधलेली कोंबडी होती. पाहुण्याला द्यायची सगळ्यात मोठी भेट. त्याने ती दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवली. शेजारची सीट रिकामी होती, तरी मांडीवरच ठेवली.

मग तो वायसनला काहीतरी म्हणाला.

“तो म्हणतोय,” वायसन खिडकीतून म्हणाला, “दोन मुलगे झाले तर भावांची नावं. पण देवाने मुलगी दिली तर तिला तुमचं नाव देईल. तुमचं पूर्ण नाव काय?”

मी मांडीवरची कोंबडी सावरली. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती.

“सिस्टर,” वायसन म्हणाला. “तो वाट बघतोय.”

“सुनीती,” मी म्हणाले.

त्याने ते म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हणाला. त्याच्या बहिणीने म्हणून पाहिलं. मग मागच्या बायकांनी. आणि त्यांचं गाणं थांबून त्या सगळ्या ते नाव म्हणायला लागल्या, हसत, एकमेकींना सुधारत. ती त्यांच्यात उभी होती, पोटाशी मुलीला धरून. आधी बाकीच्यांचं ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघून तिनेही म्हटलं, एकदाच, आणि तिथे ते नाव बरोबर फक्त तिला म्हणता आलं.